द्रव्यगुरु आणि त्यांचे परीक्षक

(नभोवाणीवरील भाषण)

इंग्रजी भाषेनें आपल्या देशांतून जे शब्द उचलून नेले, त्यांत 'लूट' हा एक आहे आणि 'गुरु' हा दुसरा. पहिल्या शब्दाचा अर्थ तिकडे गेल्यावरहि फारसा बदलला नाहीं. दुसऱ्याचा मात्र पार पालटला. आज अमेरिकेंत 'गुरु' म्हटलें म्हणजे मोक्षाचा मार्ग दाखविणारा पुरुषच डोळ्यांपुढें उभा राहतो असें नाहीं. एखाद्या हॉटेलांतील दालन भाड्यानें घेऊन, दोन-तीनशें माणसें जमवून, पदरचा पैसा न घालतां घरें आणि इमारती कशा मिळवाव्या हें शिकविणारा मनुष्यहि तेथें गुरुच म्हणवितो. हे दोन्ही उसने शब्द कधीं कधीं एकाच माणसाला कसे लागू पडतात, आणि तसे ते लागू पडत असतां तें मोठ्यानें बोलून दाखविण्याचें धैर्य कोण करतो, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

प्रारंभींच एक खुलासा केला पाहिजे. स्थावर मिळकतीचा धंदा शिकविणारा प्रत्येक मनुष्य लबाड असतो, असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. विल्यम निकर्सन नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थानें १९५९ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. एक हजार डॉलरांचे दहा लक्ष डॉलर आपण स्थावराच्या धंद्यांत, तेंहि फावल्या वेळांत, कसे केले, याची हकीकत त्यांत आहे. पुस्तकाचें नांव भपकेबाज खरें. परंतु आंतील उपदेश कष्टाचा आहे. मोडकळीस आलेलें भाड्याचें घर घ्यावें, त्याची डागडुजी करावी, भाडें वाढवावें, मग तें विकून त्याहून थोडें मोठें घर घ्यावें, असा तो क्रम. हें काम वर्षानुवर्षांचें आहे. भाडेकरूंच्या तक्रारी ऐकण्याची, गळके नळ दुरुस्त करून घेण्याची आणि रिकाम्या खोल्यांची काळजी वाहण्याची ज्याची तयारी आहे, त्यालाच तें साधावयाचें. अशा माणसानें आपला अनुभव चार लोकांना सांगितला, तर त्याबद्दल कोणी तक्रार करण्याचें कारण नाहीं.

पुढें काळ बदलला. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत महागाईनें उचल खाल्ली आणि घरांच्या किंमती वर्षागणिक चढूं लागल्या. अशा काळांत कर्ज काढून घर घेणारा माणूस कांहीं न करतांहि शहाणा ठरतो. कारण घराची किंमत फुगत जाते आणि कर्जाचा आंकडा मात्र जागच्या जागीं राहतो. चढत्या बाजारानें दिलेलें हें यश पुष्कळांनीं आपल्या बुद्धीच्या खातीं जमा केलें. १९८० सालीं रॉबर्ट ॲलन यांचें पुस्तक निघालें. त्याच्या नांवाचा अर्थच 'हातचें कांहीं न देतां' असा होता. मला वाटेल त्या शहरांत नेऊन सोडा, माझें पाकीट काढून घ्या, खर्चापुरते १०० डॉलर द्या; ७२ तासांच्या आंत स्वतःचा एक पैसाहि न घालतां मी उत्तम मिळकत खरेदी करून दाखवितों, अशी त्यांची जाहीर प्रतिज्ञा होती. लॉस एंजेलिस येथील एका मोठ्या वृत्तपत्रानें त्यांचें आव्हान स्वीकारलें, आपला बातमीदार बरोबर दिला, आणि ॲलन यांनीं ५७ तासांत सात मिळकतींचे व्यवहार जमवून दाखविले.

मग तक्रार कसली, असें आपण विचाराल. तक्रार अशी कीं, मिळकत घेणें आणि मिळकतींत पैसा मिळविणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक साधा हिशेब करून पाहूं. समजा, एक लक्ष डॉलर किंमतीचें घर आहे. बँक त्यावर शेकडा ८ व्याजानें ८०,००० डॉलर देते. उरलेले २०,००० डॉलर विकणारा मालकच शेकडा १० व्याजानें आपल्या अंगावर बाकी ठेवतो. घेणाऱ्यानें खिशांत हात घातला नाहीं आणि तो घराचा धनी झाला! आतां वर्षाअखेर काय होतें तें पाहावें. बँकेचें व्याज ६,४०० आणि मालकाचें २,०००, मिळून ८,४०० डॉलर झाले. घराचें भाडें दरमहा ८०० धरलें, तर वर्षाचें ९,६०० येतें. हातीं राहिले १,२००. त्यांतून नगरपालिकेचा कर, विम्याचा हप्ता आणि दुरुस्ती भागवावयाची. मध्यें एक महिना घर मोकळें पडलें तर ८०० तेथेंच गेले. मुदलाची फेड तर या हिशेबांत मीं धरलेलीच नाहीं. सारांश, हा धनी पहिल्या दिवसापासून घराला पोसत असतो. किंमत चढत राहील या एका आशेवर त्याचा सर्व डोलारा उभा असतो. आणि जो मालक रोख पैसा न मागतां घर देण्यास राजी होतो, त्याच्या घराला रोख पैसा देणारें गिऱ्हाईक कां मिळालें नाहीं, हाहि प्रश्न उरतोच. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या कांहीं प्रांतांत आणि २००६ नंतर जवळजवळ सर्व देशांत किंमती उतरल्या, तेव्हां अशा किती धन्यांचीं घरें बँकांनीं लिलावांत काढलीं, तें जगानें पाहिलें आहे.

परंतु गिऱ्हाईक हिशेबापर्यंत पोंचावें अशी या गुरूंची इच्छाच नसते. १९८४ सालीं अमेरिकन सरकारच्या दळणवळण मंडळानें दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या वेळेची मर्यादा उठविली. तेव्हांपासून अर्ध्या-अर्ध्या तासाचे जाहिरातपट रात्रीं-अपरात्रीं दाखविले जाऊं लागले. झोप न येणाऱ्या, नोकरीला विटलेल्या, कर्जानें गांजलेल्या माणसाच्या घरांत मध्यरात्रीं एक हंसतमुख गृहस्थ शिरे आणि सांगे कीं, तुमच्याजवळ पैसा नाहीं ही अडचण नव्हेच! कार्लटन शीट्स यांच्या अशाच प्रकारच्या अभ्यासक्रमाचा जाहिरातपट कित्येक वर्षें चालू होता. आणखी एका मंडळीनें अशी हांकाटी केली कीं, कर थकल्यामुळें सरकारनें विक्रीस काढलेलीं घरें अगदीं कवडीमोलानें पदरांत पडतात. त्यांची 'पद्धति' चाळीस डॉलरांच्या आंत मिळे. पुढील शिकवणीसाठीं मात्र हजारों डॉलर मागितले जात. अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगानें २००९ सालीं या मंडळीवर दावा लावला. गिऱ्हाइकांची संख्या दहा लक्षांच्या घरांत भरली आणि त्यांत नफा मिळविणारे शेंकडा एकहि निघाले नाहींत. २०१२ सालीं न्यायालयानें ४७ कोटी ८० लक्ष डॉलर भरण्याचा हुकूम केला.

या धंद्याची रचना एखाद्या जिन्यासारखी असते. पहिली पायरी फुकट असते. दीड-दोन तासांचें व्याख्यान, त्यांत थोडी आत्मकथा, थोडें रडूं, थोडें हंसूं, आणि शेवटीं अशी सूचना कीं खरी विद्या तीन दिवसांच्या वर्गांत मिळेल. त्या वर्गाला हजार-दीड हजार डॉलर. तीन दिवसांच्या अखेरीस पुन्हां तेंच: खरी विद्या याहि पलीकडे आहे; ती व्यक्तिशः मार्गदर्शन घेणाऱ्यालाच मिळावयाची, आणि तिचें मोल तीस-चाळीस हजार डॉलर! विद्या नेहमीं पुढच्या पायरीवर असते. चढणारा दमतो, विद्या कांहीं हातीं लागत नाहीं. आणि प्रत्येक पायरीला दिलेला पैसा मागें फिरण्याची लाज वाढवीत जातो.

या जिन्याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'ट्रंप विद्यापीठ'. २००५ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेला विद्यापीठ म्हणण्यास न्यूयॉर्कच्या शिक्षणखात्यानें हरकत घेतली आणि २०१० सालीं तिला तें नांव सोडावें लागलें. तेथें ९० मिनिटांचें व्याख्यान फुकट, तीन दिवसांच्या वर्गाला १,४९५ डॉलर आणि सर्वांत वरच्या वर्गाला ३४,९९५ डॉलर, असा दर होता. शिक्षक खुद्द ट्रंप यांनीं निवडले आहेत, असें जाहिरातींत म्हटलेलें होतें; शपथेवर जबानी देण्याची वेळ आली तेव्हां त्या शिक्षकांची ओळख मात्र त्यांना देतां आली नाहीं. पुढें न्यायालयाच्या आज्ञेनें संस्थेच्या अंतर्गत सूचनांच्या पुस्तिका उघड झाल्या. सभागृहाचें उष्णतामान ६८ अंश फॅरनहाइटहून अधिक असूं नये, इथपर्यंत सूचना त्यांत होत्या. ज्या ठिकाणीं विद्यार्थ्याची बुद्धि जागी करावयाची त्या ठिकाणीं त्याचें पाकीट कसें उघडेल याचाच असा बारीक विचार झालेला असावा, हें पाहिलें म्हणजे मन उद्विग्न होतें. १८ नोव्हेंबर २०१६ रोजीं, म्हणजे ट्रंप हे अध्यक्षपदाची निवडणूक जिंकल्यानंतर दहा दिवसांनीं, २ कोटी ५० लक्ष डॉलर देऊन हे खटले मिटविण्यांत आले. गुन्हा वा दोष मात्र मान्य करण्यांत आला नाहीं, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

श्रोतेहो, आतांपर्यंत मीं गुरूंविषयीं बोललों. आतां त्यांच्या परीक्षकांकडे वळूं.

जॉन रीड हे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांतून १९६८ सालीं बाहेर पडलेले आणि पुढें हार्वर्डची धंदेशिक्षणाची पदवी घेतलेले गृहस्थ. ते स्वतः भाड्याच्या इमारतींचा व्यवसाय करीत आणि १९८६ पासून त्या व्यवसायाविषयीं एक मासिक पत्रिका चालवीत. धंद्यांतील लोकांत वावरतांना त्यांच्या लक्षांत आलें कीं, ज्यांच्या नांवाचा सर्वत्र गाजावाजा चालला आहे त्यांच्या मिळकती कोठें आहेत हें कोणीच विचारीत नाहीं. तें त्यांनीं विचारावयास आरंभ केला. अमेरिकेंत जमिनीच्या खरेदीखतांची नोंद जिल्ह्याच्या कचेरींत होते व ती कोणालाहि पाहतां येते. न्यायालयांतील दाव्यांचे आणि दिवाळ्यांचे कागदहि असेच खुले असतात. या कागदांवरून आणि स्वतः मांडलेल्या हिशेबांवरून रीड यांनीं एकामागून एक गुरूची परीक्षा केली. जे बरे वाटले त्यांना बरें म्हटलें, जे वाईट वाटले त्यांना वाईट म्हटलें, आणि दोहोंचीं कारणें दिलीं.

यांत अलौकिक असें कांहींच नाहीं, असें आपणांस वाटेल. आणि तें खरेंच आहे. हें काम कोणत्याहि चिकाटीच्या कारकुनाला करतां आलें असतें. तरीहि लक्षावधि भक्तांपैकीं एकानेंहि तें केलें नव्हतें. श्रद्धेचें हें एक विलक्षण लक्षण आहे कीं, ती शंभर मैल चालून गुरूच्या दर्शनाला जाते, पण त्याच्या दाव्याचा दाखला पाहण्यासाठीं कचेरीच्या चार पायऱ्या चढत नाहीं.

रीड यांच्या टीकेचा सर्वांत गाजलेला विषय म्हणजे रॉबर्ट कियोसाकी यांचें 'रिच डॅड पुअर डॅड' हें पुस्तक. १९९७ सालीं निघालेल्या या पुस्तकाचा मराठी अनुवादहि झालेला असल्यामुळें आपल्यापैकीं अनेकांनीं तें वाचलें असेल. लेखकाला एक सुशिक्षित पण गरीब बाप आणि मित्राचा एक अशिक्षित पण श्रीमंत बाप, असे दोन बाप होते. त्यांतील दुसऱ्यानें शिकविलेली द्रव्यविद्या या पुस्तकांत आहे, असा त्याचा सांगाडा. रीड यांनीं विचारलें कीं, हा श्रीमंत बाप कोण? हवाईसारख्या लहान बेटांत एवढा धनिक माणूस होऊन गेला, तर त्याचें नांव कोठें तरी आढळलें पाहिजे. हा प्रश्न पुढें इतरांनींहि उचलला. २००३ सालीं एका आर्थिक मासिकाच्या प्रतिनिधीनें तो खुद्द लेखकांना घातला, तेव्हां श्रीमंत बापाला हॅरी पॉटरसारखी दंतकथाच कां समजूं नये, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें. नंतर कित्येक वर्षांनीं हवाईतील एका दिवंगत हॉटेलमालकाचें नांव पुढें आलें.

यावर कोणी म्हणेल कीं, बोधकथा खरी असलीच पाहिजे असें थोडेंच आहे? पंचतंत्रांतील कोल्हा कोठें खरा असतो? हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. पण त्यांत एक भेद राहून जातो. पंचतंत्रांतील कोल्हा, 'मी असें केलें आणि कोट्यधीश झालों, तुम्हीहि तसें करा,' असें म्हणत नाहीं. जो उपदेश अनुभवाचा दाखला देऊन विकला जातो, त्याच्या अनुभवाची चौकशी करण्याचा अधिकार विकत घेणाऱ्याला पोंचतो. शिवाय हें प्रकरण पुस्तकापाशीं थांबलें नाहीं. या पुस्तकाच्या नांवानें चाललेल्या वर्गांत कॅनडाच्या राष्ट्रीय नभोवाणी संस्थेच्या प्रतिनिधींनीं गुप्त छायायंत्र नेलें. २०१० सालीं त्यांनीं जें दाखविलें, त्यांत आपल्या क्रेडिट कार्डावरील कर्जाची मर्यादा वाढवून घ्या, असें विद्यार्थ्यांना सांगितलें जात होतें. पुस्तकांतील दंतकथेचा शेवट असा कोणाच्या तरी खऱ्या कर्जांत होतो.

परीक्षकालाहि परीक्षा चुकत नाहीं, हें येथें सांगितलें पाहिजे. रीड हे स्वतः पुस्तकें विकीत. अर्थात् इतरांच्या पुस्तकांवरील त्यांच्या टीकेंत स्वार्थ असूं शकतो, असा प्रत्यारोप त्यांच्यावर करतां येईल. त्यांची भाषाहि पुष्कळदां अतिशय कठोर असे. परंतु टीकाकाराचा हेतु काय आहे हा प्रश्न दुय्यम आहे. त्यानें पुढें ठेवलेला कागद खरा आहे कीं खोटा, हा प्रश्न मुख्य आहे. हेतूवर बोट ठेवून पुराव्याला बगल देणें ही फार जुनी युक्ति आहे.

आणि दुसरी युक्ति म्हणजे टीकाकाराचें तोंड बंद करणें. ट्रंप विद्यापीठाविरुद्ध २०१० सालीं सॅन दिएगो येथें ज्या विद्यार्थिनीनें दावा लावला, तिनें त्यापूर्वीं आपल्या बँकेला आणि ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेला पत्रें लिहून फसवणुकीचा आरोप केला होता. संस्थेनें उलट तिच्यावरच अब्रुनुकसानीचा दावा केला आणि दहा लक्ष डॉलर मागितले. ती वर्गांत असतांना शिक्षकांची तारीफ करीत होती, मग आतां निंदा कां, असाहि मुद्दा मांडण्यांत आला. २०१३ सालीं वरिष्ठ न्यायालयानें यावर जें म्हटलें तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ठकविले गेलेले लोक, आपण लुबाडले गेलों हें कळण्याच्या क्षणापर्यंत ठकविणाराचे गोडवेच गात असतात, असा त्याचा भावार्थ होता. हजारों विद्यार्थ्यांचीं प्रशंसापत्रें पुढें करणाऱ्या सर्व गुरूंना हें एकच वाक्य पुरेसें उत्तर आहे. अखेर अब्रुनुकसानीचा तो दावा टिकला नाहीं आणि तिच्या वकिलांचा जवळजवळ आठ लक्ष डॉलरांचा खर्च संस्थेनें द्यावा असें ठरलें. एका सामान्य बाईला तीन-चार वर्षें हा भार डोक्यावर घेऊन काढावीं लागलीं, हें मात्र विसरतां येत नाहीं.

याहून सूक्ष्म असा एक उपाय आहे. युटा प्रांतांतील एका कंपनीवर केंद्रीय व्यापार आयोगानें २०१९ सालीं दावा लावला. दूरचित्रवाणीवर घरें दुरुस्त करून विकणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींचीं नांवें जाहिरातींत वापरून, फुकट व्याख्यानापासून ४१,००० डॉलरांहून अधिक किंमतीच्या शिकवणीपर्यंत ती गिऱ्हाइकाला नेई, असा आरोप होता. त्याबरोबर आणखी एक आरोप होता. जे पैसे परत मागत त्यांच्याकडून, आम्ही सरकारकडे तक्रार करणार नाहीं व कोठेंहि प्रतिकूल मत देणार नाहीं, असें लिहून घेण्यांत येत असे. २०२२ सालीं हें प्रकरण १ कोटी २० लक्ष डॉलरांवर मिटलें. असल्या करारांना आळा घालणारा कायदा अमेरिकेंत २०१६ सालींच झालेला आहे. परंतु अशा लेखी कराराच्या पुष्कळ आधीं एक अलिखित करार झालेला असतो. तो लाजेचा.

या लाजेचा अनुभव मला फार जवळून आला आहे. माझा एक जुना विद्यार्थी न्यू जर्सींत नोकरीला आहे. हुशार, हिशेबी मुलगा. काही वर्षांपूर्वीं सुटींत तो मला भेटावयास आला असतां बोलतां बोलतां म्हणाला, "सर, एक गोष्ट अजून घरीं कोणाला सांगितलेली नाहीं." अशाच एका वर्गांत त्यानें कार्डावर कर्ज काढून पैसे भरले होते, एकहि घर घेतलें नव्हतें, आणि तें कर्ज पुढें तीन वर्षें फेडलें होतें. मीं विचारलें, "तक्रार कां नाहीं केलीस?" तो म्हणाला, "सर, काय सांगणार? इंजिनियर असून मला व्याजाचा हिशेब कळला नाहीं, असें?" मग थोडा वेळ थांबून त्यानें जें सांगितलें तें मला अधिक लागलें. त्याच्या कचेरींतील दोघेजण पुढील वर्षीं त्याच वर्गाला गेले. यानें त्यांना अडविलें नाहीं. कारण अडवावयाचें तर कारण सांगावें लागलें असतें.

श्रोतेहो, मला वाटतें, या सर्व प्रकरणाचें मर्म येथें आहे. फसविणाराचें भांडवल त्याच्या वक्तृत्वापेक्षां फसलेल्याच्या मौनांत अधिक असतें. जो एक मनुष्य उठून, 'मी फसलों, आणि कसा फसलों तें ऐका,' असें सांगतो, तो आपली अब्रू खर्चून दुसऱ्याची मिळकत वांचवीत असतो. अशा माणसाला आपण हंसतों. त्याला हंसणारा प्रत्येकजण नकळत गुरूचा हस्तक होतो.

हा प्रकार परदेशचा म्हणून आपण निश्चिंत राहूं नये. 'हातचें कांहीं न देतां घर' ही कल्पना आपल्याकडे तर मुळांतच लंगडी आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१५ पासूनच्या नियमांप्रमाणें ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जांत बँकेला घराच्या किंमतीच्या फार तर ९० टक्के, ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढें ७५ टक्केच रक्कम देतां येते; मुद्रांकशुल्क आणि नोंदणीचा खर्च सामान्यतः निराळाच. तेव्हां उरलेला पैसा कोठून तरी, बहुधा अधिक व्याजाच्या कर्जांतूनच, उभा राहणार. आणि परीक्षेचें साधन मात्र आपल्याहि हातीं आहे. सात-बाराचा उतारा, शहरांतील मिळकत-पत्रिका, नोंदणी कचेरींतील सूची क्रमांक दोन, हे कागद आपल्याकडेहि पाहावयास मिळतात. 'माझ्या चाळीस मिळकती आहेत,' असें व्यासपीठावरून सांगणाऱ्याला, 'त्यांपैकीं चारांचे उतारे दाखवा,' असें विचारण्यांत उद्धटपणा नाहीं. खऱ्या धंदेवाल्याला त्या प्रश्नाचा राग येणार नाहीं.

आणखी एक प्रश्न विचारावा. गुरुजी, आपलें या वर्षाचें उत्पन्न घरांच्या भाड्यांतून किती आलें आणि आमच्या फीमधून किती? ज्याला विद्येपेक्षां विद्यार्थीच अधिक किफायतशीर झाले आहेत, त्याच्याजवळ शिकण्यासारखी विद्या एकच उरते, आणि ती म्हणजे विद्यार्थी जमविण्याची.

श्रीसमर्थांनीं दासबोधाच्या पांचव्या दशकांत गुरूच्या लक्षणांसाठीं एक स्वतंत्र समास खर्ची घातला आहे. करामती दाखविणाऱ्यालाहि लोक गुरु म्हणतात, पण तो सद्गुरु नव्हे, असा विवेक ते तेथें प्रथमच सांगतात. गुरूची परीक्षा करावी, ही शिकवण आपल्याला परक्यांकडून घ्यावयाची नाहीं. ती आपल्या घरचीच आहे. गुरु हा शब्द आपण जगाला दिला. त्याबरोबर गुरूला पारखून घेण्याची संवयहि दिली असती, तर पुष्कळांच्या आयुष्याची पुंजी वांचली असती. निदान आपल्या घरीं तरी आपण ती विसरूं नये. आणि परीक्षा करणारा एखादा माणूस सभेंत एकटा उभा राहिला, तर त्याला निंदक म्हणून खालीं बसवूं नये, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.